आमच्या वेळचा वर्ल्ड कप

6 जुलै 2024, पहाटेचे तीन. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटवर पाच जण युरोची फ्रान्स-पोर्तुगाल क्वार्टर फायनल बघत बसलो होतो. बसलो होतो म्हणजे बसायला सुरुवात पाच जणांनी केली होती. एका बाजूला एम्बाप्पे, दुसऱ्या बाजूला रोनाल्डो. 90 मिनिटं 0-0. मग एक्स्ट्रा टाइमची 30 मिनिटं, तरी 0-0. नाकाचं हाड मोडल्यामुळे मास्क लावून खेळणारा एम्बाप्पे एक्स्ट्रा टाइमच्या मध्यंतरातच बाहेर गेला. शूटआउट सुरू झालं तेव्हा आमच्यातले दोघं सोफ्यावर झोपले होते, एक जण रील्स बघत होता, आणि मी एका हातानं वेफर्स खात दुसऱ्या हातानं फ्रान्सनं या स्पर्धेत किती गोल केलेत ते शोधत होतो. उत्तर असं होतं: ओपन प्लेमधून फ्रान्सच्या खेळाडूनं केलेला एकही नाही. दोन गोल समोरच्यांनी स्वतःच्या जाळ्यात मारलेले, एक एम्बाप्पेची पेनल्टी. एवढ्या शिदोरीवर फ्रान्स त्या पहाटे सेमीफायनलला पोचला.

तेवढ्यात कोल्हापूरहून मामाचा मेसेज आला. तोही जागाच होता. "झोप आता. ह्याला फुटबॉल म्हणत न्हाईत. शहाऐंशीचा वर्ल्ड कप बघायला पायजे हुतास."

मामाचं हे वाक्य मी 2006 पासून ऐकतोय. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. दर दोन वर्षांनी, कधी वर्ल्ड कपच्या, कधी युरोच्या निमित्तानं ते येतंच. आधी मी त्यावर चिडायचो. त्या पहाटे मात्र पहिल्यांदा वाटलं की मामा बरोबर असेल तर? मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा खरंच कंटाळवाण्या होत चालल्यात का? म्हातारपण आलं की जुनं सोनं वाटतं, असं म्हणून हा प्रश्न उडवता येतो. पण माझी तिशीही उलटलेली नाही आणि मलाही झोप येत होती.

आधी आकडे

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. कुणी "सिस्टिम स्लो झालीय" म्हटलं की आम्ही आधी लॉग बघतो. इथला सगळ्यात सोपा लॉग म्हणजे गोल.

1954 च्या वर्ल्ड कपमध्ये 26 मॅचमध्ये 140 गोल झाले, म्हणजे मॅचला सरासरी 5.38. तो आकडा पुन्हा कधी आला नाही. 1958 मध्ये 3.6, आणि 1962 पासून सरासरी तीनच्या खाली गेली ती आजतागायत वर आलेली नाही. म्हणजे "पूर्वी जास्त गोल व्हायचे" हे खरं आहे, पण ते "पूर्वी" मामाच्या जन्माच्याही आधीचं. मामाच्या लाडक्या 1986 मध्ये सरासरी 2.54 होती. तळ गाठला तो 1990 मध्ये, 2.21. नंतर 2006 मध्ये 2.30 आणि 2010 मध्ये 2.27 अशी पुन्हा घसरण झाली. पण 2014, 2018 आणि 2022 या तिन्ही वेळी सरासरी 2.6 च्या वर आहे. कतारमधल्या 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये 172 गोल झाले, एका वर्ल्ड कपमधले तोवरचे सर्वाधिक. त्याची सरासरी 2.69. शहाऐंशीपेक्षा जास्त.

युरोचा आलेख आणखी वेडावाकडा आहे. 1996 मध्ये 2.06, 2000 मध्ये 2.74, 2016 मध्ये 2.12, 2021 साली झालेल्या युरो 2020 मध्ये 2.78, आणि 2024 मध्ये परत 2.29. यातून "हळूहळू कंटाळवाणं होत गेलं" अशी सरळ रेष काढणारा माणूस डेटा नाही, स्वतःचा मूड मोजतोय.

शिवाय तळ गाठल्यावर दुरुस्तीही झाली, हे विसरता कामा नये. 1990 मध्ये अर्जेंटिना सात मॅचमध्ये फक्त 5 गोल करून फायनलला पोचली आणि फायनल 85 व्या मिनिटाच्या एका पेनल्टीवर हरली. आयर्लंड एकही मॅच न जिंकता क्वार्टर फायनलला गेलं. त्या काळी डिफेंडरनं मागे दिलेला बॉल गोलकीपर खुशाल हातात घ्यायचा, परत डिफेंडरला द्यायचा, परत घ्यायचा. घड्याळ पळायचं, बॉल तिथंच. 1992 मध्ये त्यावर बंदी आली. 1994 च्या वर्ल्ड कपपासून विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. आज गोलकीपरवर स्ट्रायकर धावून जातो आणि कीपरची तारांबळ उडते, ती मजा मामाच्या काळात नव्हती. ती नंतर मुद्दाम तयार केली गेली.

शहाऐंशी, पूर्ण 90 मिनिटं

त्या वर्षी दिवाळीला कोल्हापूरला गेलो तेव्हा मी मामाला म्हटलं, चल, शहाऐंशीच बघू. हायलाइट्स नाही, पूर्ण मॅच. नेटवर अर्जेंटिना-इंग्लंड क्वार्टर फायनल सापडली. टीव्हीवर लावली. मामा एकदम ताठ बसला. 1986 मध्ये तो सोळा वर्षांचा होता आणि ही मॅच त्यानं पेठेतल्या तालमीत, एका टीव्हीसमोर साठ-सत्तर जणांच्या गर्दीत, मध्यरात्री पाहिली होती.

पहिला हाफ 0-0. अझ्टेका स्टेडियमवर भर दुपारचं ऊन, सगळे चालत-चालत खेळतायत, बॉल मागे, बाजूला, परत मागे. मॅराडोना अधूनमधून एखादी धाव घेतो आणि कुणीतरी त्याला पाडतं. तिसाव्या मिनिटाला मामा म्हणाला, "लई हळू खेळत्यात रं." चाळिसाव्याला मामीला चहा टाकायला सांगितला. मग 51 वं मिनिट, तो हाताचा गोल. 55 वं मिनिट, तो दुसरा गोल, ज्यासाठी कुणालाही कुठल्याही वर्षी झोपेतून उठवावं. मामाचे डोळे पाणावले. माझ्याही अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर त्या चार मिनिटांच्या आधीची पन्नास मिनिटं आम्ही दोघंही चहाची वाट बघत होतो.

स्टॅटिस्टिक्समध्ये याला सर्वायव्हरशिप बायस म्हणतात. जे टिकलं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि जे टिकलं तेच सगळं होतं असं आपण धरून चालतो. 1986 म्हटलं की मॅराडोना आठवतो. त्याच वर्ल्ड कपमध्ये चारपैकी तीन क्वार्टर फायनल शूटआउटवर सुटल्या, हे कुणाला आठवत नाही. स्कॉटलंड-उरुग्वे तर मामानं पाहिलीच नसेल. उरुग्वेचा बतिस्ता पहिल्याच मिनिटात रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. पुढे जाण्यासाठी स्कॉटलंडला विजय हवा होता. अकरा विरुद्ध दहा, जवळपास पूर्ण मॅच, आणि निकाल 0-0. आधीच्या मॅचमध्ये डेन्मार्ककडून 6-1 मार खाल्लेला उरुग्वे एकही मॅच न जिंकता बाद फेरीत गेला. हाही शहाऐंशीचाच वर्ल्ड कप.

1970 ची इटली-पश्चिम जर्मनी सेमीफायनल घ्या. जाणकार तिला शतकातली सर्वोत्तम मॅच म्हणतात. इटली 4-3. पण आठव्या मिनिटाला गोल केल्यावर इटलीनं दार लावून घेतलं आणि स्कोअर थेट इंज्युरी टाइमपर्यंत 1-0 च राहिला. सातपैकी पाच गोल एक्स्ट्रा टाइममध्ये झाले. आजच्या पिढीतला कुणी ती लाइव्ह पाहत असता तर साठाव्या मिनिटाला त्यानं फोन काढला असता आणि शतकातली सर्वोत्तम मॅच त्याच्या समोरून निघून गेली असती.

तेव्हा मामाचा मुद्दा जसा तो मांडतो तसा टिकत नाही. पण तो पूर्ण खोटाही नाही. काहीतरी कमी झालंय, फक्त ते गोलच्या खात्यात सापडत नाही.

अनोळखी माणसं

पहिली कमी झालेली गोष्ट म्हणजे नवल.

1966 मध्ये उत्तर कोरियाचा संघ इंग्लंडला आला तेव्हा त्यांच्याबद्दल कुणालाही काही माहीत नव्हतं. पाक डू-इक नावाच्या माणसानं गोल केला आणि इटली घरी गेली. पुढच्या मॅचमध्ये त्यांनी पोर्तुगालवर 3-0 अशी आघाडी घेतली, मग युसेबियोनं एकट्यानं चार गोल मारले आणि मॅच 5-3 अशी फिरली. 1990 मध्ये कॅमेरूननं नऊ खेळाडूंवर येऊनही गतविजेत्या अर्जेंटिनाला 1-0 हरवलं. त्यांचा रॉजर मिला 38 वर्षांचा होता, रीयुनियन बेटावर जवळपास निवृत्तीचं फुटबॉल खेळत होता, आणि वर्ल्ड कपमध्ये बदली म्हणून येऊन त्यानं 4 गोल केले.

आज असा रॉजर मिला शक्य आहे का? 1995 च्या बोसमन निकालानंतर युरोपातल्या क्लबांची दारं परदेशी खेळाडूंना सताड उघडली. 2002 मध्ये सेनेगलनं गतविजेत्या फ्रान्सला हरवलं तेव्हा सगळ्या जगाला धक्का बसला, पण सेनेगलचे बहुतेक खेळाडू फ्रान्समधल्याच क्लबांकडून खेळत होते. आज वर्ल्ड कपमधला जवळपास प्रत्येक चांगला खेळाडू आपण वर्षभर शनिवार-रविवार पाहिलेला असतो. त्याचा डावा पाय कसा आहे, पेनल्टी कुठल्या कोपऱ्यात मारतो, व्हिडिओ गेममध्ये त्याचं रेटिंग किती, सगळं पाठ. मामाला मॅराडोना चार वर्षांतून एकदा महिनाभर दिसायचा. मला मेस्सी दर आठवड्याला दिसत होता. दिवाळीचा फराळ रोज मिळू लागला तर चकली वाईट होत नाही, पण दिवाळी थोडी कमी होते.

मात्र याचीही दुसरी बाजू आहे. 2022 मध्ये मोरोक्को सेमीफायनलला पोचला, तिथवर गेलेला पहिला आफ्रिकी संघ. त्यांच्या 26 पैकी 14 खेळाडूंचा जन्म मोरोक्कोबाहेरचा. अश्रफ हकीमी माद्रिदमध्ये जन्मला, आणि स्पेनविरुद्धच्या शूटआउटमधली निर्णायक पेनल्टी त्यानं कीपरला खाली पाडून, अलगद मधून उचलून मारली. तो कुणासाठीच अनोळखी नव्हता. तरीही त्या क्षणी जे वाटलं ते नवलच होतं. अनोळखी माणसं संपली, पण ओळखीच्या माणसांच्या गोष्टी मोठ्या झाल्या.

सावध असणं शहाणपणाचं आहे

दुसरी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय संघ जास्त सावध झाले, आणि त्याचं कारण भित्रेपणा नाही.

क्लबचा कोच खेळाडूंना रोज भेटतो. सगळे मिळून कधी प्रेस करायचं, कोण कुठल्या मोकळ्या जागेत पळणार, हे शेकडो वेळा गिरवून घेतो. राष्ट्रीय कोचला तेच खेळाडू वर्षातून मोजके दिवस मिळतात, तेही लांबलचक सीझन खेळून थकलेले. एवढ्या वेळात हल्ला शिकवणं अवघड. बचाव शिकवणं त्या मानानं सोपं, आणि कॉर्नर-फ्रीकिक शिकवणं सगळ्यात सोपं. 2018 मध्ये इंग्लंडनं सेमीफायनलपर्यंत जाताना 12 गोल केले, त्यातले 9 सेट पीस आणि पेनल्टीतून.

आणि हा मार्ग चालतो, हा खरा त्रास आहे. ग्रीसनं 2004 चा युरो क्वार्टर फायनल, सेमीफायनल आणि फायनल तिन्ही 1-0 नं जिंकून घेतला. स्पेननं 2010 चा वर्ल्ड कप सात मॅचमध्ये 8 गोल करून जिंकला. बाद फेरीतल्या चारही मॅच 1-0. पोर्तुगालनं 2016 च्या युरोत ग्रुपमधल्या तिन्ही मॅच बरोबरीत सोडवल्या, आणि चॅम्पियन होईपर्यंत 90 मिनिटांत फक्त एक मॅच जिंकली. आता सांगा, तुम्ही कोच असता तर काय केलं असतं? आमच्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री कुणी नवं फीचर टाकत नाही. वर्ल्ड कप हा कोचसाठी महिनाभर चालणारा रिलीज असतो.

अर्थात 2024 मध्ये स्पेननं सातच्या सात मॅच जिंकून दाखवल्या, सोळा वर्षांच्या लामिन यामालनं सेमीफायनलमध्ये तो वळणारा गोल मारला, आणि धाडसही चालतं हे सिद्ध झालं. पण धाडस करायला स्पर्धेनं भाग पाडलं पाहिजे. तिथंच माझी खरी तक्रार आहे.

बाद होण्याची किंमत

माझ्या मते थरार गोलवर ठरत नाही. काय पणाला लागलंय यावर ठरतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील अशी मॅच असते तेव्हा पासिंग काही बार्सिलोनाचं नसतं. पण गॅलरीत कुणी जांभई दिल्याचं मला आठवत नाही. हरलं तर उद्या पेठेत तोंड दाखवायची पंचाईत.

वर्ल्ड कपमध्ये पणाला लागतं ते बाद होणं. मग सरळ हिशेब करू. 1998 ते 2022 या काळात 32 संघ, आठ ग्रुप, प्रत्येकातून पहिले दोन पुढे. ग्रुपच्या 48 मॅच खेळून 16 संघ बाद. म्हणजे दर तीन मॅचमागे एक संघ घरी. 2016 पासून युरोत 24 संघ आहेत. ग्रुपच्या 36 मॅच, बाद फक्त 8, कारण सहापैकी चार ग्रुपमधले तिसरे संघही पुढे जातात. दर साडेचार मॅचमागे एक. 2026 चा वर्ल्ड कप 48 संघांचा. बारा ग्रुप, ग्रुपच्या 72 मॅच, आणि तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम 8 धरून 32 संघ पुढे. बाद 16. परत साडेचार. 32 संघांच्या वेळी 48 मॅच जेवढ्यांना घरी पाठवायच्या, तेवढ्यांनाच पाठवायला आता 72 मॅच.

गंमत म्हणजे 1986, 1990 आणि 1994 चे वर्ल्ड कपही असेच 24 संघांचे होते, साडेचारचेच. उरुग्वे विजयाशिवाय पुढे गेला तो त्याच दारातून. 1990 ची अर्जेंटिना आणि 1994 ची इटली ग्रुपमध्ये तिसऱ्या येऊन थेट फायनलला पोचल्या. तेव्हा "आमच्या वेळी असं नव्हतं" हे इथंही चालणार नाही, मामा.

हे दार काय करतं ते दोन ग्रुप शेजारी ठेवून बघा. 1990 चा एफ ग्रुप: इंग्लंड, आयर्लंड, हॉलंड, इजिप्त. सहा मॅच, पाच बरोबरीत, एकूण 7 गोल, एकमेव विजय इंग्लंडचा 1-0. युरो 2024 चा सी ग्रुप: इंग्लंड, डेन्मार्क, स्लोव्हेनिया, सर्बिया. सहा मॅच, पाच बरोबरीत, एकूण 7 गोल, एकमेव विजय इंग्लंडचा 1-0. मध्ये 34 वर्षं गेली, बॅकपासचा नियम आला, तीन गुण आले, खेळाडू दुप्पट वेगानं पळू लागले. आणि तेच दार उघडं ठेवल्यावर निकाल कॉपी-पेस्ट. एका जोडीवरून सिद्धांत होत नाही, हे मान्य. पण तीन बरोबरी करून स्लोव्हेनिया पुढे गेला, हे त्या दाराशिवाय झालं नसतं.

आता 2022 आठवा. ग्रुपची शेवटची फेरी, पहिले दोनच पुढे, दोन्ही मॅच एकाच वेळी. ही एकाच वेळेची पद्धत 1982 च्या लाजेतून आली. तेव्हा अल्जीरियाची मॅच आदल्या दिवशी संपली होती. पश्चिम जर्मनीनं ऑस्ट्रियाविरुद्ध सुरुवातीलाच एक गोल केला, दोघांनाही 1-0 सोयीचं होतं, आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी बॉल फिरवत काढला. अल्जीरिया बाहेर. तर 2022 मध्ये एकीकडे जपान-स्पेन, दुसरीकडे कोस्टारिका-जर्मनी. जपान 2-1 पुढे, कोस्टारिकाही 2-1 पुढे, आणि साधारण तीन मिनिटं स्पेन आणि जर्मनी दोघंही स्पर्धेबाहेर होते. शेवटी जर्मनी बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी दक्षिण कोरियानं इंज्युरी टाइममध्ये पोर्तुगालला हरवलं आणि ते खेळाडू मैदानावरच एका फोनभोवती गोल करून उभे राहिले, कारण उरुग्वेनं घानाविरुद्ध आणखी एक गोल केला असता तर सगळं संपलं असतं. उरुग्वेला तो गोल मिळाला नाही. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत थरारक दोन दिवस.

त्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनी आणि उरुग्वे दोघंही 4 गुणांसह तिसरे होते. 24 संघांच्या पद्धतीत 4 गुणांचा तिसरा संघ सहसा पुढे जातो. म्हणजे नव्या नियमांत ते दोघंही बहुधा पुढे गेले असते. जर्मन खेळाडूंचे ते चेहरे नाहीत, सुआरेझचं ते रडणं नाही, आणि फोनभोवतीच्या त्या घोळक्यालाही एवढा अर्थ नाही. फिफानं आधी तीन-तीन संघांचे 16 ग्रुप ठरवले होते. कतारनंतर, मार्च 2023 मध्ये, चार-चारचे बारा केले. म्हणजे शेवटच्या फेरीतला थरार त्यांना दिसला, तो ठेवायचाही होता, पण तिसऱ्या क्रमांकाचं दार मात्र उघडंच राहिलं. शिवाय तिसऱ्यांची तुलना ग्रुपाग्रुपांत होते आणि ग्रुप वेगवेगळ्या दिवशी संपतात. युरो 2024 मध्ये हंगेरीनं स्कॉटलंडविरुद्ध शंभराव्या मिनिटाला गोल करून जल्लोष केला, आणि मग तीन दिवस हॉटेलात बसून दुसऱ्यांचे निकाल बघत बाद झाले. फुटबॉलपटूंनी एमपीएससीच्या कटऑफसारखी वाट बघावी, यात कसला थरार?

पण जॉर्जिया

इथवर येऊन मी लेख संपवला असता, जर हंगेरीला बाद करणारा निकाल जॉर्जियाचा नसता. पहिल्यांदाच युरो खेळणाऱ्या जॉर्जियानं पोर्तुगालला 2-0 हरवलं आणि ग्रुपमध्ये तिसरे येऊन बाद फेरी गाठली. 16 संघांच्या युरोत जॉर्जिया बहुधा आलाच नसता. 2016 चा आइसलंड, ज्यानं इंग्लंडला घरी पाठवलं, तोही 24 संघांच्या पहिल्याच युरोतला. 2026 साठी केप व्हर्दे पात्र झाला. त्याची लोकसंख्या साधारण पाच लाख, म्हणजे आमच्या कोल्हापूर शहराएवढी. कुरासाओ तर दीड लाखाचं बेट, वर्ल्ड कपला पात्र झालेला आजवरचा सगळ्यात लहान देश. जॉर्डन आणि उझबेकिस्तानही पहिल्यांदाच. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू की तुमच्या येण्यानं माझी सरासरी बिघडते?

आणि आपणही त्याच रांगेत उभे होतो. 48 संघांमुळे आशियाला थेट 8 जागा मिळाल्या. 6 जून 2024 ला कोलकात्यात भारत-कुवेत मॅच झाली, सुनील छेत्रीची तेव्हा शेवटची म्हणून जाहीर झालेली. निकाल 0-0. तटस्थ माणसाला विचाराल तर रटाळ मॅच. मी एक मिनिटही बसलो नाही, फोन कुठे ठेवलाय हेही आठवत नव्हतं. पाच दिवसांनी दोह्यात कतारविरुद्ध आपण 1-0 पुढे होतो. जिंकलो असतो तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच गेलो असतो. गुरप्रीतनं अडवलेला बॉल गोललाइनबाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला, आणि गोल दिला गेला. त्या फेरीत व्हार, म्हणजे व्हिडिओ बघून चूक दुरुस्त करणारा पंच, नव्हता. 2-1 नं हरलो. व्हारमुळे गोलचा आनंद थंड होतो, आधी रेषा मोजा मग नाचा, असं मी 2018 पासून तावातावानं बोलत आलोय. त्या रात्री मी टीव्हीवर ओरडत होतो, "अरे कुणीतरी रीप्ले बघा!"

बरोबर एक महिन्यानं त्याच सोफ्यावर फ्रान्स-पोर्तुगाल बघताना मला झोप आली. दोन्ही मॅच गोलशून्य. दुसरीत जगातले सगळ्यात महागडे पाय पळत होते. फरक एवढाच की पहिलीत माझं काहीतरी पणाला लागलं होतं.

म्हणून मामाला आता माझं उत्तर असं: स्पर्धा कंटाळवाण्या झालेल्या नाहीत. खेळ शहाऐंशीपेक्षा वेगवान आहे, गोल कमी नाहीत, आणि 3-3 ची 2022 ची फायनल कुठल्याही काळाच्या फायनलशेजारी बसेल. कमी होतंय ते हरण्याचं वजन. ते मैदानावर कमी झालेलं नाही, वेळापत्रक ठरवणाऱ्या खोलीत होतंय, जास्त मॅच विकता याव्यात म्हणून. संघ 48 ठेवा, केप व्हर्दे येऊ दे, उद्या भारतही येऊ दे. पण तिसऱ्याला पुढे पाठवू नका. पहिले दोन, बाकीचे घरी. 24 संघच बाद फेरीत उरतात, बाकी गणित बसवता येत नाही असं सांगतात. सोपं आहे: ग्रुपमध्ये पहिल्या आलेल्यांपैकी सर्वोत्तम 8 संघांना एक फेरी विश्रांती द्या, म्हणजे पहिलं येण्यालाही किंमत राहील. उरलेले 16 आपसात खेळून 8 उरतील, आणि पुढे 16 ची फेरी तयार.

हे सगळं मी मामाला फोनवर समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ते सगळं खरं. पर तुमी मॅच बघता कुठं? तुमी फोन बघता."

यावर माझ्याकडे आकडा नव्हता. तालमीत त्या रात्री साठ-सत्तर माणसांत एकच स्क्रीन होती. आमच्या फ्लॅटवर पाच माणसांत सहा. पन्नास मिनिटं काहीच न घडणं सोसलं तर एकावन्नाव्या मिनिटाचा अर्थ कळतो, हे मी दिवाळीत मामाच्या घरी स्वतः पाहिलंय. आम्ही ती पन्नास मिनिटं वगळायला शिकलोय आणि मग मॅचमध्ये काही नव्हतं म्हणतोय. यात फिफाचा काही हात नाही.

2026 ची एक मॅच कोल्हापुरात एकत्र बघायची ठरलीय. बाद फेरीतली नाही, ग्रुपच्या शेवटच्या फेरीतली, जिथं बरोबरी दोघांनाही चालेल अशी. म्हणजे माझा मुद्दा खरा की खोटा ते समोरासमोर कळेल. मी अट घातलीय की मॅच संपेपर्यंत शहाऐंशीचं नाव काढायचं नाही. मामानं ती मान्य केलीय. त्याची अट अशी की फोन बाहेर, चपलांच्या रॅकवर ठेवायचा.